न घेतलेलं नाव

दुकानातल्या रांगेत फ्रेयानं सूर लावला, तेव्हा आर्नाकनं नेहमीसारखं कुणाकडेही न बघता सरकत्या पट्ट्यावर दूध, पाव, लंगोट असं एकेक मांडायला सुरुवात केली. आपण कुणाकडे बघितलं नाही की कुणी सल्ला देत नाही, एवढं शहाणपण तिला फ्रेयाच्या जन्मापासूनच्या सहा महिन्यांत आलं होतं. पण पुढे उभ्या असलेल्या म्हातारीनं, शाळेमागच्या लाल घरातल्या सोफीनं, मान वळवली. आर्नाकच्या पाठीवर, कोटाच्या रुंद टोपीत बसून रडणाऱ्या त्या लालबुंद तोंडाकडे तिनं सावकाश बघितलं, मासा घेताना त्याचे कल्ले बघावेत तसं, आणि म्हणाली, "हिला अजून आपलं नाव मिळालेलं दिसत नाही." आवाजात ना राग ना टोमणा. बाहेर धुकं पडलंय म्हणावं इतक्या साधेपणानं. मग पिशवी उचलून ती गेलीसुद्धा. आर्नाकच्या हातातला पाव हातातच राहिला. फ्रेया आहे तिचं नाव, असं ती म्हणाली खरी, पण ते ऐकायला समोर फक्त सरकता पट्टा होता.

घरी जाताना रस्ता नेहमीचाच होता, तरी तिला पाय कुठे पडतायत ते कळेना. इलुलिसाट गावात कुठल्याही रस्त्यानं उतरलं की शेवटी पाणी असतं आणि पाण्यावर घराएवढे, चर्चएवढे, कधी अख्ख्या वस्तीएवढे बर्फाचे डोंगर उभे असतात. लहानपणी ती त्यांना येणारी-जाणारी माणसं समजायची. आता ती खाली बघून चालायची. टेकडीच्या कडेला साखळीनं बांधलेली कुत्री उन्हात पसरली होती. फ्रेयाचं रडणं ऐकून त्यांतल्या एका कुत्रीनं मान वर करून लांबलचक साद दिली, आणि मग सगळ्याच कळपानं. म्हणजे आता गावभर दवंडी पिटली गेली. सोफीला जे म्हणायचं होतं ते या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ताप नाही, भूक नाही, पोटात दुखत नाही, तरी मूल रडतंय, म्हणजे ते आपलं नाव मागतंय. घरातलं कुणीतरी गेलेलं माणूस दाराबाहेर ताटकळत उभं आहे, त्याला आत घ्या. त्याचं नाव मुलाला दिलं की ते माणूस आत येतं, आणि मूल गप्प होतं. आर्नाकनं राजधानीत, नूकच्या कॉलेजात असताना यावर निबंध लिहिला होता. 'अशी समाजात समजूत आहे' असं वाक्य तिनं त्यात किमान सहा वेळा वापरलं होतं आणि बाईंनी त्याचं कौतुकही केलं होतं. ती समजूत आता तिच्या मानेमागे, कानाच्या अगदी भोकाशी, घसा फोडून ओरडत होती.

ताटकळत कोण उभं आहे हेही तिला ठाऊक होतं. म्हणूनच तर. बाबा गेले त्या दिवशी वारा नव्हता, लाट नव्हती. गळाला लागलेले मासे ओढायला ते त्यांच्या छोट्या बोटीतून खाडीच्या तोंडाशी गेले आणि तिथला एक बर्फाचा डोंगर, झोपेत माणसानं कूस बदलावी तसा, उलटा झाला. बोट सापडली ती सरळ, पाण्यावर डुलत, आत थर्मास आणि थर्मासमध्ये अर्धी कॉफी. बाबा सापडले नाहीत. त्या खाडीतलं पाणी घेतलेलं परत देत नाही. आर्नाक तेव्हा नूकमध्ये परीक्षेला बसली होती. विमानानं घरी पोचली तेव्हा आईनं, रेगीनेनं, बाबांचं नाव उचलून ठेवलेलं होतं. म्हणजे त्यांचे बूट, कोट, बंदूक सगळं जागच्या जागी होतं, नाव तेवढं नव्हतं. गेलेल्या माणसाचं नाव नवं मूल घेईपर्यंत कुणी उच्चारायचं नाही, ही जुनी रीत आता शेजारपाजारी फारसं कुणी पाळत नाही, पण रेगीनेनं ती धरली ती धरलीच. 'तो' म्हणायची. 'आर्नाकचा बाप' म्हणायची. चर्चमध्ये पाद्र्यानं प्रार्थनेत नाव घेतलं तेव्हा तिनं मुद्दाम खोकल्याची उबळ आणली. नात्यातल्या कुणाकुणाला मुलं झाली, त्यांनी नाव मागितलं. रेगीने म्हणाली, नाही, ते आर्नाकच्या मुलासाठी ठेवलंय. बाईच्या तोंडात एक नाव किती वर्षं राहू शकतं? आर्नाकला कधीकधी वाटायचं की आईच्या गालाला त्याचा फुगवटा दिसतो.

आणि मग जानेवारीत, काळोखाचे आठवडे संपून सूर्य पहिल्यांदा कड्यावर डोकावला त्याच दिवसांत, मुलगी झाली. मुलगी की मुलगा याला नावाच्या बाबतीत काही अर्थ नसतो, नाव कुणालाही बसतं. रेगीने इस्पितळाच्या खोलीत ओले बूट काढून मोज्यांवर उभी होती. आर्नाकला ते मोजे अजून दिसतात, एका अंगठ्याशी रफू केलेले. ती वाट बघत होती. तिचे ओठ किंचित उघडे होते. आर्नाकच्या छातीवरचा तो ओला, गरम, बोटभर श्वास घेणारा जीव आणि डोळ्यांपुढे पाण्यावर डुलणारी ती सरळ, रिकामी बोट. हे नाव दिलं की हिच्यामागे पाणी लागलं. पाण्याला त्या नावाची चव माहीत झालीय. असं तिनं शब्दांत म्हटलं नसेल, पण अंगातून तेच गेलं असावं, कारण ती पटकन, कुणी अडवायच्या आत म्हणाली, "फ्रेया." गावात त्या नावाचं कुणी नव्हतं, जिवंत नाही, मेलेलंही नाही. कोरं करकरीत नाव. नवरा कुनूक कोळंबीच्या जहाजावरून फोनवर म्हणाला, छान आहे की. रेगीनेनं ओठ मिटले. "छान आहे," तीही म्हणाली, आणि कॉफी बघते म्हणून बाहेर गेली ती बराच वेळ आलीच नाही.

तेव्हापासून फ्रेया रडतेय आणि तेव्हापासून आर्नाक झोपलेल्या फ्रेयाच्या नाकाखाली बोट धरतेय. दिवसातून कितीदा, याचा हिशेब तिनं ठेवला नाही. रडत असली की निदान श्वास चालू आहे हे कळतं. गप्प झाली की बोट आपोआप जातं. बोटाला ती इवलीशी वाफ लागली की मग आर्नाकला स्वतःचा श्वास सापडतो. डॉक्टर म्हणाला, मूल उत्तम आहे, आईनं जरा विश्रांती घ्यावी. तिनं पाण्यावर जाणं सोडलं. पाहुण्यांना देवमासे नि हिमनद्या दाखवणं हे तिचं काम, शिक्षण त्याचंच, आणि बोटीवर लाउडस्पीकर हातात घेतला की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं, असे ते दिवस. पण बाळंतपणाची रजा संपली तरी ती काहीतरी कारण सांगत राहिली. दूध, दात, लस.

त्या दिवशी दुकानातून येऊन ती कोट काढते तोच बोटीचे कॅप्टन इम्मानुएलकाका यांचा फोन. बोटीवर वाटाड्याचं काम करणाऱ्या पोरीनं जिन्यावरून घसरून पाय प्लास्टरमध्ये घालून घेतला होता. उद्या सकाळी उत्तरेकडे, एकिप सेर्मिया हिमनदीपर्यंतची फेरी, बोट भरलेली. तू ये. आर्नाकनं सांगितलं, पोरगी बाटलीला तोंड लावत नाही, तिला सोडून दिवसभर कशी येऊ. "मग तिलाही आण," ते म्हणाले. "देवमासा नाही दिसला तर पाहुण्यांना ओरडणारं काहीतरी तरी दाखवता येईल." ती हसली नाही. मग ते वेगळ्या आवाजात म्हणाले की हे बघ पोरी, तुझी जागा मी दोन महिने धरून ठेवलीय, उद्याही नाही म्हणालीस तर मला डेन्मार्कहून कुणीतरी बोलवावं लागेल आणि मग ते माणूस राहीलच. आर्नाकच्या ओठांवर नाही तयार होतं. पण खिडकीशी वाळवलेला मासा सोलत बसलेली रेगीने, फोनकडे न बघता म्हणाली, "मी येते तिला धरायला." जी बाई बाबा गेले त्या दिवसापासून धक्क्यावरसुद्धा गेली नव्हती. आर्नाकनं फोन कानाला तसाच धरून आईकडे बघितलं. रेगीने मासा सोलत होती.

बोट सुटली तेव्हा ऊन इतकं लख्ख होतं की सगळे डोळे बारीक करून एकमेकांकडे बघून हसल्यासारखे दिसत होते. आर्नाकनं बोलायला सुरुवात केली. बर्फाचा हा डोंगर पाण्यावर दिसतो त्याच्या कितीतरी पट पाण्याखाली असतो, आतली हवा हजारो वर्षांपूर्वीची असते, ही खाडी अशी, ती हिमनदी तशी. शब्द ओळीनं येत होते, पाठ केलेले, विश्वासू. फक्त तिचा एक हात कठड्यावरून सुटत नव्हता. खालून, बोटीच्या स्वयंपाकघरातून, फ्रेयाचं रडणं इंजिनाच्या वरताण येत होतं. पाहुणे सभ्य होते, ऐकू येत नसल्यासारखं करत होते. एका उंच जर्मन बाईनं दात येत असतील असं सुचवलं. दुसऱ्या कुणी गाजर चावायला द्या म्हटलं. इम्मानुएलकाका सुकाणू धरून म्हणाले की भोंगा बंद पडला तर काळजी नाही, आपल्याकडे दुसरा आहे. खाडीचं तोंड आलं. इथे ते दरवेळी वेग कमी करतात, सगळेच कोळी करतात, त्याचं कारण पाहुण्यांना कुणी सांगत नाही. आर्नाकनं त्यांना दुसऱ्या बाजूचे पक्षी दाखवले. सगळ्यांनी माना तिकडे वळवल्या, तिनंही.

पुढे उघड्या पाण्यावर देवमासा आला. आधी फक्त श्वास: मोठी फुसकारी, आणि वाऱ्याबरोबर कुजक्या माशाचा असा भपकारा की पाहुण्यांनी नाकं धरली. मग काळी, ओली, लांबच लांब पाठ, आणि तिला चिकटून एक छोटी पाठ. आई आणि पिल्लू. आई वर आली की पिल्लू वर, आई फुसकारली की पिल्लूही त्याच्या वकुबाप्रमाणे फुसकारणार. आर्नाक त्यांच्याकडे बघता बघता बोलायचं विसरली. हिच्याकडे नाकाखाली धरायला बोट नाही, असं काहीतरी वेडगळ तिच्या मनात आलं. हिचं पोर जन्मल्याबरोबर पहिला श्वास घ्यायला पाण्यातूनच वर ढकलावं लागतं. आणि त्यानंतर प्रत्येक श्वास घेऊन ते पाण्याखाली जातं आणि परत येतं, जातं आणि येतं, आणि ही शेजारून पोहते, बस. आईनं शेपटी उचलली, पांढरट नक्षीची ती अवाढव्य शेपटी क्षणभर आभाळात उभी राहिली, पाणी निथळलं, आणि गेली. पिल्लाला शेपटी नीट उचलता आली नाही, ते नुसतंच बुडालं. पाहुणे हसले, टाळ्या वाजवल्या. खालचं रडणं तेवढ्यापुरतं थांबलं होतं की काय? तिनं कान दिला. नाही, चालू होतं.

हिमनदीसमोर पोचलं की इम्मानुएलकाका इंजिन बंद करतात. ते ठरलेलं आहे. ठरलेल्या अंतरावर, बोटीचं नाक हिमनदीच्या बर्फाच्या भिंतीकडे करून. आवाज गेला आणि ती भिंत उरली. निळी, पांढरी, मळकट, भेगाळलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर पोचायला वेळ लागावा अशी. आणि ती गप्प नव्हती. आत कुठेतरी दारं आपटत होती, फळ्या मोडत होत्या, मध्येच दूर बंदूक उडाल्यासारखं. त्या सगळ्यात फ्रेयाचं रडणं आता एकटं, उघडं पडलं आणि भिंतीवर आपटून परत येऊ लागलं. दोन फ्रेया. एक खालून रडतेय, एक बर्फातून. आर्नाक धावत खाली गेली. रेगीने स्वयंपाकघराच्या बाकावर बसून नातीला छातीशी धरून डुलत होती, आणि तिचे ओठ मिटलेले होते. अंगाई नाही, लाडाचा शब्द नाही. आईनं फ्रेयाला कधीच हाक मारलेली नाही, हे आर्नाकच्या ध्यानात आलं ते तिथे, त्या सुपाच्या वासात. फ्रेया म्हणायचं तिला जमत नव्हतं आणि दुसरं म्हणायची तिला परवानगी नव्हती. सहा महिने ही बाई हे मूल मुक्यानं खेळवतेय. "दे इकडे," आर्नाक म्हणाली आणि पोरीला घेऊन, का ते न कळता, आत खोलीत जायच्या ऐवजी वर आली.

वर आली तेव्हा पक्षी उठले होते. भिंतीच्या पायथ्याशी पाण्यावर बसलेले सगळेच्या सगळे पांढरे पक्षी एकदम हवेत, आणि एकाचाही आवाज नाही. पाहुण्यांना ते छान दिसलं, त्यांनी कॅमेरे उचलले. आर्नाकनं इम्मानुएलकाकांकडे बघितलं, त्यांनी तिच्याकडे. त्यांनी इंजिन सुरू केलं. मग भिंतीचा एक अख्खा बुरूज, चर्चसकट आपलं गाव मावेल एवढा, आधी नुसता खाली सरकला, घाई नसल्यासारखा. मोडल्याचा आवाज नंतर आला, इतका उशिरा की तो दुसऱ्याच कशाचातरी वाटावा. पाणी फुटून आभाळात गेलं. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी हसलं. आर्नाकनं लाउडस्पीकर उचलून शांतपणे सांगितलं की कठडा धरा, लाट येईल, बोट वर जाईल आणि खाली येईल, घाबरण्यासारखं काही नाही. हा तिचाच आवाज होता. मग लाट यायच्या आधीचा तो मधला वेळ सुरू झाला, ज्यात करायला काहीच नसतं.

पाण्याची एक काळसर घडी भिंतीकडून निघाली होती आणि वाटेतले बर्फाचे तुकडे एकामागून एक, ओळखीच्या माणसांनी मान झुकवावी तसे, वर होऊन खाली जात होते. आर्नाकच्या हातातलं मूल कडक झालं होतं, रडून रडून काळंनिळं. हिला आत न्यायला हवं. दार बंद करायला हवं. पण अंगाला काहीतरी जुनं आठवलं. बाबांची छोटी बोट, तीच, आणि पुढच्या फळीवर बसलेली ती, पाच-सहा वर्षांची, पोटाभोवती बाबांचा माशाचा वास येणारा हात. अशीच घडी येतेय. बाबांनी कधी डोळे मिट म्हटलं नाही, घट्ट धर म्हटलं नाही. ते बोटीचं नाक लाटेकडे करायचे आणि तिच्या कानाशी म्हणायचे, "आर्नाक, बघ, आली." नाव आधी. कोणाला उचलायचंय ते लाटेला सांगून ठेवल्यासारखं. आणि पोटात खड्डा पडायचा, आभाळ खाली यायचं, आणि ती किंचाळायची ती भीतीनं नव्हे. हे आपण कुठे ठेवलं होतं इतकी वर्षं? नुसती रिकामी बोट जपून ठेवली, आणि भरलेली विसरलो. लाट आता समोर होती, गुळगुळीत, हिरवी, उन्हानं आतून उजळलेली. आर्नाकनं मूल छातीपासून सोडवलं, पाठ आपल्याकडे करून, तोंड लाटेकडे करून दोन्ही हातांनी धरलं, आणि तिच्या कानाशी म्हणाली, "सालिक, बघ, आली."

बोट वर गेली. किती वर गेली कोण जाणे, पण भिंतीचा माथा दिसला, त्यामागचा न संपणारा पांढरा प्रदेश दिसला, आणि मग सगळं पोटातून निसटून खाली. पाहुण्यांनी एकच आवाज काढला. लाट बोटीखालून निघून मागच्या किनाऱ्याकडे गेली, तिच्यामागून एक छोटी, मग आणखी छोटी. पक्षी कालवा करत पाण्यावर उतरले, ढवळून वर आलेली कोळंबी टिपायला. आणि आर्नाकला जाणवलं की कानात काहीतरी कमी आहे. मूल गप्प होतं. तोंड उघडं, गालांवर ओघळ, डोळे ताटाएवढे, सगळ्या अंगानं समोर बघत. मग तिच्या पोटातून एक आवाज आला, उचकीसारखा, मग पुन्हा. ती हसत होती. आर्नाक पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, "सालिक." पोरगीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं, हाक मारल्यावर माणूस बघतं तसं.

स्वयंपाकघराच्या दारात रेगीने उभी होती, हातात कलंडलेल्या सुपाचा डाव तसाच. तिनं ऐकलं होतं. चालत आली, बोट अजून डुलत होती तरी कशालाही न धरता, आणि नातीसमोर उभी राहिली. आईच्या तोंडाकडे बघून आर्नाकला भीती वाटली की आता ही रडेल, कोसळेल. रेगीने कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "सालिक. कुठे होतास रे इतका वेळ? कॉफी गार होऊन गेली." आणि नाव एकदा सुटलं म्हटल्यावर मग थांबेना. सालिक, बूट कुठे काढून ठेवलेस. सालिक, छताची गळती तशीच आहे. सालिक, तुझ्या त्या भावानं तुझी बंदूक मागितली, मी दिली नाही. ती खरोखरीच भांडत होती, कित्येक वर्षांचं तुंबलेलं भांडण, आणि तिचे गाल ओले होते आणि पोरगी तिचं नाक धरायला हात पुढे करत होती. इम्मानुएलकाका सुकाणू सोडून बाहेर आले, टोपी काढली, त्या मुठीएवढ्या हाताशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाले, "या सालिकभाऊ. माझं माशांचं जाळं नेलं होतंत, ते परत करायचं राहिलंय." मग आत जाऊन त्यांनी भोंगा इतका लांब वाजवला की भिंतीतून आणखी एक तुकडा पडला.

पाहुणे विचारू लागले, काय झालं, कसला सण. आर्नाकनं लाउडस्पीकर घेतला. निबंधातली वाक्यं एकही आठवेना. ती म्हणाली, "ही माझी मुलगी. हे माझे बाबा. आज परत आले." पाहुण्यांना कितपत कळलं कुणास ठाऊक, पण त्या उंच जर्मन बाईनं आधी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. इम्मानुएलकाकांनी जाळ्यानं पाण्यातला बर्फ काढून पेल्यांत घातला आणि ज्याला जे हवं ते ओतलं. बर्फ पेल्यांत तडतडत जुनी हवा सोडत राहिला. रेगीनेनं सगळ्यांना वाळवलेला मासा खायला लावला. नावाच्या आनंदात कॉफी-केक घरी गेल्यावर, पण तोंड गोड नाही तर खारट तरी करा, म्हणाली. तिनं कुनूकच्या जहाजावर फोन लावून घेतला आणि जावयाला सांगितलं की आता यापुढे बायकोशी जपून वाग, सासरा घरात आलाय.

परतताना खाडीचं तोंड आलं तसा बोटीचा वेग कमी झाला. आर्नाकनं या वेळी मान वळवली नाही. बर्फाचे डोंगर उभे होते तसेच, येणारे-जाणारे, कलत्या उन्हात गुलाबी पडलेले. कुठला होता तो, बाबांवर उलटलेला? आता तो नसणारच, कधीच विरघळून पाणी झाला असेल. रेगीने नातीला कडेवर घेऊन कठड्याशी आली आणि पाण्याकडे हात करून शेजारणीशी बोलावं तसं नातीलाच म्हणाली, "इथूनच गेला होतास. यापुढे कुठे जायचं तर लेकीला विचारून जा." म्हणजे आर्नाकला. पोरगीनं मोठी जांभई दिली, आजीच्या खांद्यावर मान टाकली आणि झोपली. इतकी पटकन, इतकी गाढ, कधीच झोपली नव्हती. ओठ अर्धवट उघडे, पापण्या स्थिर, काहीच हलत नव्हतं.

आर्नाकचं बोट सवयीनं वर आलं. तेवढ्यात डाव्या हाताला, अगदी जवळ, पाणी फुगलं, फुसकारी सुटली, आणि ती लांबच लांब काळी पाठ वर आली, शेजारी छोटी पाठ. तिनं तेच बोट तिकडे केलं, लाउडस्पीकर तोंडाशी नेला, आणि म्हणाली, "बघा, आले."